फोटोला टायटल हवंच का?

प्रश्न: मी हौशी फोटोग्राफर. फोटो दाखवला की लोक आधी विचारतात, टायटल काय, मागची स्टोरी काय? नुसता बघून आवडू शकत नाही का?

उत्तर: आवडतो की! अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला तो फेमस फोटो घ्या, गालाजवळ हात नेलेली आई आणि तिच्या दोन्ही खांद्यांना बिलगून तोंड लपवलेली पोरं, हे बघून पोटात कालवायला काही कॅप्शन लागत नाही. (मांडीवर तान्हं बाळही आहे, मला ते दुसऱ्यांदा बघताना दिसलं.) पण ती आई मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत होती आणि पीक थंडीने गेलं होतं हे कळलं ना, की तीच नजर वेगळी वाटायला लागते.

उलटंही होतं बरं का. फ्रेंच फोटोग्राफर रोबेर द्वानोने १९५० मध्ये पॅरिसमध्ये काढलेला एका जोडप्याच्या चुंबनाचा फोटो लोकांनी हौसेने भिंतीवर लावला आणि बऱ्याच वर्षांनी कळलं की ती दोघं अ‍ॅक्टिंग शिकणारी, सांगून पोज दिलेली, झालं, कितीतरी जणांचा मूड गेला. फोटो तोच हां!

बातमीच्या फोटोला मात्र कुठे, कधी, कोण हे हवंच, त्यात वाद नाही.

बाकी तुमच्या फोटोंना 'एकाकी', 'प्रतीक्षा' असली नावं प्लीज नको, ती वाचली की माणूस बघायचाच थांबतो. आधी फोटो द्या हातात, जरा गप्प बसा, कुणी विचारलंच तर सांगा.