पदव्युत्तर शिक्षणाचं कर्ज: मंजूर किती होतं आणि झेपतं किती

परदेशातली सत्रं ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, त्याआधी शैक्षणिक कर्जाचे प्रश्न मोठ्या संख्येने येतात. या वेळी निवडलेले प्रश्न वेगवेगळ्या घरांतले आहेत, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच काळजी आहे: नेमका आकडा किती धरायचा?

प्रश्न : मी २४ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला दोन वर्षं नोकरी केली. अमेरिकेत दोन वर्षांच्या एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. वडिलांच्या नावावरच्या नाशिकच्या फ्लॅटवर बँक साडेदहा टक्क्यांनी ४० लाख द्यायला तयार आहे. मित्र म्हणतात, तिकडे नोकरी लागली की तीन वर्षांत फिटतं. पूर्ण रक्कम घेऊ का? (नाशिक)

पूर्ण रक्कम घेऊ नका. ४० लाख हा आकडा बँकेने मुख्यतः फ्लॅटकडे बघून काढला आहे. उद्या हप्ते थकले तर फ्लॅट विकून पैसे सुटतील, एवढी तिची खात्री झाली. तुम्हाला ते झेपतील का, हा हिशेब तुम्हालाच मांडायचा आहे.

समजा, दर वर्षी २० लाख उचलले. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज सुरूच असतं. सरळ व्याजाने ते साडेदहा लाख होतं. म्हणजे हप्ते सुरू होताना कर्ज साडेपन्नास लाखांचं झालेलं असेल. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता सुमारे ६८ हजार, आणि शेवटपर्यंत भरलेली एकूण रक्कम जवळपास ८२ लाख.

डॉलरमध्ये पगार असेल तर ६८ हजार जड नाहीत, मित्र म्हणतात ते तेवढ्यापुरतं खरं आहे. पण तो पगार किती काळ चालेल, हे तुमच्या हातात नाही. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) अभ्यासक्रम असेल तर आणखी २४ महिने. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. त्यात वर्षाला ६५ हजार जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून नव्याने बोलावलेल्या कर्मचाऱ्यासाठी एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा नंतर झाला. तरी नियम किती झटकन बदलू शकतात, ते यातून दिसलं.

म्हणून हिशेब परतीच्या पगारावर करा. एम.एस. करून पुण्याला यावं लागलं आणि हातात ८० हजार पडले, तर त्यातला एक तृतीयांश, म्हणजे २७ हजारांच्या आसपास हप्ता सोसवेल. साडेदहा टक्के आणि १५ वर्षांची मुदत धरली, तर एवढ्या हप्त्यात साधारण २४ लाखांचं कर्ज फिटतं. आधीच्या तीन वर्षांचं व्याज वजा केलं की मूळ उचल येते १९ लाखांच्या घरात. ही तुमची सुरक्षित रेषा. थोडा धोका पत्करून २५ लाखांपर्यंत जाणं मला समजतं. ४० लाखांत फ्लॅटबरोबर आईवडिलांची झोपही तारण पडते.

खर्च खरोखर ४० लाखांचाच असेल तर हे विद्यापीठ सोडा. कमी फीची सरकारी विद्यापीठं बघा, असिस्टंटशिपसाठी (विद्यापीठातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) प्राध्यापकांना आतापासून लिहा. मेकॅनिकलवाल्याने जर्मनीचा विचार तर करायलाच हवा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य बिगरयुरोपीय विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली आहे, तेवढं तपासून घ्या. राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते पुढे महिन्याच्या महिन्याला तुम्हालाच मिळतात.

कुठेही गेलात तरी मंजुरी गरजेपेक्षा थोडी जास्तीची घ्या आणि उचल कमीत कमी करा. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. रुपया घसरून दुसऱ्या वर्षाची फी वाढली, तर हीच जास्तीची मंजुरी उपयोगी पडते.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. मुलीला इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी ३२ लाख हवेत. बँक शेतजमीन तारण घेत नाही. एक फायनान्स कंपनी तारणाशिवाय १३ टक्क्यांनी देते. मेहुणेही आपला बंगला तारण द्यायला तयार आहेत. काय करावं? (तासगाव)

बँकेचा नकार कायद्यातून आला आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊ शकते, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. म्हणून एन.ए. (बिगरशेती) प्लॉट, घर, मुदतठेव किंवा विमा पॉलिसी मागतात. यात तुमच्या कर्ज फेडण्याच्या ऐपतीचा काही संबंध नाही, मनाला लावून घेऊ नका.

फायनान्स कंपनीचा प्रस्ताव मला धोक्याचा वाटतो. ३२ लाखांवर १३ टक्क्यांनी वर्षाचं नुसतं व्याज ४ लाख १६ हजार, म्हणजे महिन्याला ३४ हजारांहून जास्त. अशा कंपन्या पुष्कळदा शिक्षण चालू असतानाच व्याज किंवा त्याचा काही भाग भरायला लावतात. बागेचा पैसा येतो हंगामात एकदा, तोही ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला नाही तर. दरमहा हप्ता आणि वर्षाकाठी उत्पन्न, हा मेळ बसवायला तुम्ही शेवटी सावकाराकडे किंवा दलालाच्या आगाऊ रकमेकडे वळाल. तिकडे मुलीच्या हातातही वेळ थोडा आहे. इंग्लंडच्या ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या व्हिसावर, सध्या दोन वर्षं थांबता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दीड वर्षच मिळणार आहे.

मेहुण्यांचं मन मोठं आहे, तरी बंगला अडकवू नका. कर्ज थकलं तर त्यांचं राहतं घर जाईल, आणि जामीनदार म्हणूनही सही केली तर १८७२ च्या करार कायद्यानुसार त्यांची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. उद्या त्यांच्या मुलाला कर्ज लागलं तर बँक हेही कर्ज मोजेल.

माझा सल्ला: मुलीने हे वर्ष थांबावं. आधी शिष्यवृत्त्यांचे अर्ज करावेत. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर मागासवर्गीयांसाठीही योजना आहेत, जे. एन. टाटा एंडोमेंट तर १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं आणि त्याला जातीची अट नाही. त्यातून उरलेली गरज १२-१५ लाखांवर आली, तर पुन्हा बँकेत जा.

प्रश्न : मी ५४ वर्षांचा, वाळूजच्या कंपनीत आहे. मुलाला कर्जाचं ओझं नको म्हणून पीएफ काढून फी भरायची इच्छा आहे. (छत्रपती संभाजीनगर)

पीएफला हात लावू नका. १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर ईपीएसचं (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन ३५ वर्षांच्या सेवेनंतरही महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास बसतं. त्यावर तुमचं दोघांचं म्हातारपण निघणार नाही, आणि मग तोच मुलगा तुम्हाला पैसे पाठवत राहील. ओझं टळणार नाही, फक्त पुढे जाईल.

मदत करायचीच तर कर्ज त्याच्या नावावर होऊ द्या आणि शिक्षण चालू असताना व्याज तुम्ही पगारातून भरा. १५ लाख उचलले असतील तर १० टक्क्यांनी महिन्याला साडेबारा हजार. मुद्दल वाढत नाही आणि काही बँका अशा वेळी दरात सवलतही देतात, अर्ज करताना विचारा. कर्जाचा दर बदलता असेल तर मुदतीआधी फेडल्यास दंड नसतो.

प्रश्न : व्याजावर करसवलत मिळते ना?

८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त व्याजावर आहे, मुद्दलावर नाही. कमाल मर्यादा नाही, आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. नव्या प्रणालीत असाल तर हिशेबातून ती काढून टाका.

प्रश्न : पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात एमबीएची फी १४ लाख आहे. सरासरी पॅकेज ९ लाख सांगतात. कर्ज घ्यावं का? (सोलापूर)

सरासरी ऐकून निर्णय घेऊ नका. दोघातिघांना २५ लाख मिळाले की सरासरी वर जाते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांची स्वतः भरून दिलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर असते. तिथे उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना आणि मध्यस्थानी असलेल्याचा पगार किती, हे तीन आकडे बघा. कॉलेज ही माहिती देतच नसेल, तर १४ लाखांचं कर्ज काढू नका. पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत कॉलेज असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलतीसाठीही अर्ज करता येतो. आणि सीईटी पुन्हा देऊन मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या कमी फीच्या संस्थेसाठी एक प्रयत्न जरूर करा.

प्रश्न : माझ्यावर १८ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. घरी स्थळं बघतायत. आई म्हणते, आत्ताच सांगू नकोस. (ठाणे)

सांगा, आणि पहिल्या एक-दोन भेटींतच सांगा. आईची भीती मला कळते, पण लपवलेलं कर्ज लग्नानंतर पहिल्या हप्त्यालाच उघड होईल आणि तेव्हा रागाचं कारण कर्ज नसेल, लपवणं असेल. सांगताना उरलेली रक्कम, महिन्याचा हप्ता, तुमचा पगार आणि कर्ज कोणत्या वर्षी फिटणार, असं सगळं मांडा. हप्ता लग्नानंतरही तुमच्याच पगारातून जाईल, हेही तेव्हाच ठरवून घ्या. बाबा सहकर्जदार आहेत आणि लग्नाने ते बदलत नाही. हप्ता चुकला तर बँकेचा फोन त्यांनाच येईल. मुलाकडच्यांनी नोकरी सोडायची अट घातली, तर त्या १८ लाखांचं काय, हा प्रश्न बाबांसमोर स्पष्टपणे विचारा.