‘वारशाने आलेले पर्यावरणीय चल’ म्हणावे का?

सातपूरच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: लिनक्सच्या मराठी टिपणात ‘इनहेरिटेड एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल’ला, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याला मिळणाऱ्या नाव-किंमत सेटिंगला, ‘वारशाने आलेले पर्यावरणीय चल’ म्हणावे का?

‘चल’ राहू द्या, शाळेच्या बीजगणितामुळे ते ओळखीचे आहे. ‘पर्यावरणीय’ नको, नाशिककराला त्यावरून गोदावरीतल्या पाणवेलीच आठवायच्या. सरळ एन्व्हायरन्मेंट लिहा.

खरी अडचण ‘वारशा’ची आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद होते ती मूळ खातेदार गेल्यावर, आणि जमीन तीच असते. इथे देणारी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) जिवंत असते आणि पुढच्याला मिळते ती नक्कल. तीही शेलमध्ये (आज्ञा टाइप करतो त्या प्रोग्रॅममध्ये) एक्सपोर्ट केलेल्या, म्हणजे पुढे द्यायच्या म्हणून खूण केलेल्या, चलांचीच, प्रोग्रॅम सुरू होण्याच्या क्षणी. नंतर शेलमध्ये काहीही बदला, चालू सेवेला (पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रॅमला) त्याचा पत्ता लागत नाही.

शिवाय ‘वारसा’ म्हटले की देणारा ठरलेला वाटतो. सेवेच्या बाबतीत तो बदलतो. टर्मिनलवरून थेट चालवली तर तुमच्या शेलची चले मिळतात. मशीन सुरू होताना सिस्टिमडीने (सेवा सुरू करणारा लिनक्सचा व्यवस्थापक) उठवली तर त्याच्याकडची मोजकीच. तुमची बॅशआरसी ही शेलच्या सेटिंगची फाइल तो वाचत नाही. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी, तर बहुधा दोनच फोल्डरांची. म्हणून ‘हाताने चालते, रात्री चालत नाही’ ही तक्रार इतकी सर्रास. मराठी नावांच्या फाइल्स असतील तर भाषा आणि अक्षरे ठरवणारे लँग हे चल तपासा: ते ‘सी’, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचे मूळ सेटिंग, असेल तर जावाच्या सेवेला ‘पावत्या’ नावाचे फोल्डर प्रश्नचिन्हांसारखे दिसते आणि फाइल उघडतच नाही. सेवा सुरू करणाऱ्या जुन्या इनिट स्क्रिप्ट रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) शेलमधून थेट चालवल्या तर उलटा घोळ होतो, त्या रूटची सगळी चले घेऊन बसतात. ‘सर्व्हिस’ कमांडने चालवल्यास बहुतेक गाळली जातात.

तेव्हा टिपणात देणाऱ्याचे नाव घाला: ‘सिस्टिमडीकडून मिळालेली चले’, ‘शेलकडून मिळालेली चले’. मिळाले काय, ते प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली एन्व्हायरॉन फाइलमध्ये दिसते. ती सुरुवातीची स्थिती असते. हवे ते चल, सेवेची सेटिंग बदलणाऱ्या ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने, सर्व्हिस विभागात एन्व्हायरन्मेंट ओळीत लिहा आणि सेवा रीस्टार्ट करा. रीलोड पुरत नाही, कारण प्रोसेस तीच राहते. चलांची वेगळी एन्व्हायरन्मेंट-फाइल वापरलीत तर तिच्यात डॉलर-होम (होम फोल्डरचे चल) वगैरे लिहू नका, तिथे ते उलगडत नाही. पूर्ण पाथ द्या.