वाचकांचे प्रश्न : फळांच्या सालीतून पेक्टिन

प्रश्न : रस काढून उरलेली लिंबूवर्गीय फळांची साल जवळजवळ फुकट मिळते. मग तिच्यापासून केलेले पेक्टिन (जॅम-जेली घट्ट धरणारा पदार्थ) महाग का पडते?

उत्तर : साल फुकट असते, पण पाणी हलवण्याचा खर्च फुकट नसतो. पेक्टिन विरघळवून काढायला 1 किलो वाळलेल्या सालीला सुमारे 25 लिटर आम्लयुक्त पाणी लागते. त्यातून 200 ग्रॅम पेक्टिन निघाले, तर अर्कात ते जेमतेम 0.8 टक्के असते. म्हणजे 1 किलो पेक्टिनसाठी 125 लिटर अर्क गाळायचा आणि हाताळायचा.

पेक्टिन साकळून वर यावे म्हणून मिश्रणात अल्कोहोल साधारण 55 टक्क्यांपर्यंत न्यावे लागते. अर्क तसाच वापरला तर 90 टक्क्यांचे आयसोप्रोपाइल अल्कोहोल जवळपास 196 लिटर ओतावे लागेल. तोच अर्क आधी निर्वात बाष्पीभवनाने 3 टक्क्यांपर्यंत आटवला, तर 52 लिटरमध्ये भागते. अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत मिळते, पण सगळे नाही. दर फेरीला 2 टक्के घट धरली, तर पहिल्या पद्धतीत किलोमागे 4 लिटर जाते, दुसरीत 1 लिटर. म्हणून आटवण्याचे यंत्र न घेता सुरू केलेले छोटे युनिट बहुधा अल्कोहोलच्या बिलातच बुडते. आटवतानाही 92 लिटर पाणी उडवायचे असते. एकाच टप्प्यात त्याला 100 किलोच्या आसपास वाफ लागते, तीन टप्प्यांच्या यंत्रात 40 किलोच्या आत काम होते. 3-4 टक्क्यांच्या पुढे मात्र आटवू नये. द्राव इतका दाट होतो की पंप आणि नळ्या अडतात.

प्रश्न : दोन दिवस ढिगात ठेवलेल्या सालीतून पेक्टिन फारच कमी आले. काय चुकले?

उत्तर : सालीतली विकरे (एन्झाइम) रस काढल्यापासूनच कामाला लागतात. एक पेक्टिनचे मिथाइल गट काढून टाकते, दुसरे पेक्टिनच्या रेणूची लांब साखळीच तोडते. त्यात बुरशी लागली की उरलेसुरलेही जाते. साल त्याच दिवशी 5-10 मिलिमीटरचे तुकडे करून उकळत्याजवळच्या पाण्यात 5 ते 10 मिनिटे ठेवा. मग गार पाण्याने धुऊन साखर काढा, दाबा आणि मंद आचेवर 10 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. साखर राहिली तर वाळताना साल करपते आणि पेक्टिन तपकिरी येते.

दाबताना पाणी लवकर सुटावे म्हणून चुना टाकण्याची पद्धत पशुखाद्यासाठी ठीक आहे. पेक्टिनसाठी ती टाळाच. कॅल्शियमशी बांधलेले पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही.

वाळवण्याचाही हिशोब मांडा. 80 टक्के पाणी असलेली 1000 किलो साल वाळून 222 किलो होते. दाबताना निघेल तेवढे सोडले, तर सुमारे 778 किलो पाणी उष्णतेनेच उडवावे लागते. कारखाना रसाच्या कारखान्याला लागून असेल, तर ओली सालच वापरा. शाश्वततेचा विचार केला तर आमच्या मते सगळ्यात मोठी बचत इथेच आहे.

प्रश्न : आम्ल आणि वेळ वाढवल्यावर उतारा वाढला, पण जॅम धरत नाही.

उत्तर : जास्त आम्ल आणि जास्त वेळ मिळाला की सालीतून अधिक माल सुटतो खरा, पण सोबत साखळ्याही तुटतात. सामू (pH) 2 च्या आसपास, 80-85 अंश सेल्सिअस आणि 60 ते 90 मिनिटे इथून सुरुवात करा. मोजायचे ते नुसते किलो नव्हेत. 150 ग्रेडचे 1 किलो पेक्टिन ठरावीक परिस्थितीत 150 किलो साखरेची जेली धरते. 150 ग्रेडचे 20 किलो म्हणजे 3000 किलो साखरेची ताकद, 110 ग्रेडचे 24 किलो म्हणजे 2640. माल 4 किलोने वाढला आणि ताकद मात्र घटली.

प्रश्न : उरलेला चोथा आणि सांडपाणी यांचे काय?

उत्तर : चोथा बराच असतो आणि ओला, आम्लयुक्त असतो. सामू सुधारून तो खाद्यात किंवा बायोगॅससाठी जाऊ शकतो. मात्र सालीतले सुगंधी तेल आधी काढून घ्या, ते मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना मारक आहे. शिवाय ते स्वतंत्रपणे विकताही येते.

आम्ल निवडताना सांडपाण्याचा विचार आधी करा. हायड्रोक्लोरिक आम्लातले क्लोराइड स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडते, म्हणून नायट्रिक आम्ल वापरतात. पण मग सांडपाण्यात नायट्रेट येते आणि ते काढण्याची सोय लागते. सायट्रिक आम्ल सौम्य असते, पण त्याच सामूला जास्त प्रमाणात लागते.

प्रश्न : मायक्रोवेव्हने किंवा अल्ट्रासाउंडने खर्च निम्मा होईल का?

उत्तर : नाही. त्याने अर्क काढण्याचा वेळ वाचतो, पण गाळणे, आटवणे आणि अल्कोहोल तसेच राहते. कमी पाण्यात तेवढेच पेक्टिन सुटत असेल, तरच फरक पडेल. विक्रेत्याला हाच आकडा विचारा : 1 किलो वाळलेल्या सालीला किती लिटर पाणी?