मेन्यू कार्ड मिटा, आधी ‘आज काय गावला?’ विचारा

(प्रवासातल्या खाण्यापिण्याविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारी : कुडाळची एक खानावळवाली)

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सगळं कुटुंब मालवणला जातोय. मागच्या खेपेला रस्त्यालगतच्या मोठ्या हॉटेलात सुरमई थाळी घेतली, ती इथे कोपऱ्यावर मिळते तशीच लागली. सासूबाई शाकाहारी, त्यांनी तर मुक्कामभर पनीर आणि डाळफ्राय खाल्लं. तिथलं खरं जेवण मिळवायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सुरमईचं जाऊ द्या, पण सासूबाईंनी मालवणात पनीर खाल्लं हे वाचून माझा जीव कळवळला. म्हणून आधी त्यांचं पान वाढते.

आमच्याकडे सोमवार, एकादशी, गणपती, श्रावण सगळं पाळतात. त्या दिवशी घरोघर काय शिजतं? काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. कोंबडीबरोबर खातात तेच वडे. घावणे आणि नारळाचा गोड रस. कुळथाची पिठी, भात आणि वर भाजलेला पापड. सुरणाची किंवा वांग्याची कापं, रव्यात घोळवून तव्यावर परतलेली. नीरफणस मिळाला तर त्याच्या कापांपुढे मी स्वतः मासा बाजूला सारते. मे महिना आहे, म्हणजे पिकल्या फणसाची सांदणंही मिळतील. यातलं बरंचसं कार्डावर नसतं, कारण विचारणारं गिऱ्हाईक नसतं. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. वाटाणे रात्रीच भिजत घालावे लागतात, सकाळी अकराला सांगून उपयोग नाही. आणि एक, कापांसाठी तवा वेगळा ठेवा असं आधीच स्पष्ट सांगा. त्यात कुणाला राग येत नाही, आमच्याच घरात दोन तवे असतात.

जमलं तर शिरवाळे करायला सांगा आणि करताना आत जाऊन बघा. तांदळाच्या उकडीचे मुटके पाण्यात उकळून घेतात आणि ते गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबतात. एका माणसाचं काम नव्हे. एकाने दांडा दाबायचा, दुसऱ्याने खाली ताट फिरवत शेवया झेलायच्या. मुटका निवला की साचा हलत नाही, म्हणून घाई आणि आरडाओरडा चाललेला असतो. मग त्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. सासूबाई खूश होतील, मुलंही.

आता मासे. सुरमई आणि पापलेट वर्षभर फलकावर दिसतात, कारण पाहुणे तेच मागतात. त्या दिवशी होडीला गावले नाहीत तर बर्फातले येतात, आणि बर्फातला मासा डोंबिवलीतही बर्फातलाच असतो. तेव्हा कार्ड उघडायच्या आधी मालकाला विचारा, ‘आज काय गावला?’ बांगडे, तारल्या, पेडवे, मुडदुसे, तिसऱ्या, जे सांगेल ते घ्या. स्वस्तही पडेल. काट्यांची भीती असेल तर मुलांना मोरीचं (म्हणजे लहान शार्क माशाचं) मटण द्या, त्यात बारीक काटे नसतात.

बांगडा असेल तर तळलेला एखादाच घ्या, तिखलं, म्हणजे बांगड्याचं तिखट दाट कालवण, मात्र मागाच. त्यात तिरफळं असतात. आतली काळी बी काढून टाकतात, साल तेवढी ठेचून शेवटी घालतात. बांगड्याचा उग्रपणा तीच मोडते. ती चावायची नसतात, बाजूला काढायची. पाहुणा हमखास एखादं चावतो आणि जीभ बधिर झाली म्हणून पाणी मागतो. पाच मिनिटांत उतरतं.

गावठी कोंबडीचे वडे-सागोती हवेत तर सकाळी दहाच्या आत फोन करा. ती कोंबडी शिजायला वेळ घेते. वीस मिनिटांत पानात आली तर ती गावठी नव्हे. आणि जेवायला एक-दीडच्या आत बसा. घरगुती खानावळीत माणसं मोजून रांधतात. तीनला येऊन ‘काहीच नाही का?’ असं विचारणाऱ्यांना मी काय सांगणार?

जूनमध्ये जायचा विचार झाला तर लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुका बांगडा, गोलमा (सुका जवळा) आणि खाडीतलं जे मिळेल ते खायचं. मला विचाराल तर पावसात गोलम्याची चटणी आणि उकड्या तांदळाची पेज यापुढे सुरमई काही नाही. पण हे सगळ्यांना पटत नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये गोव्याला जातोय. मित्र म्हणतात हुर्राक प्यायलाच हवा. तो फेणीपेक्षा सौम्य असतो ना? येताना दोन बाटल्या आणता येतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, तोच पुढे आणखी ताज्या आंबवणाबरोबर गाळला की फेणी. हुर्राकमध्ये मद्यार्क साधारण १५ टक्के, फेणीत ४० च्या वर. म्हणून सौम्य खरा, पण लोक त्यात लिंबाचं सोडा-सरबत, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून गारेगार पितात. सरबतासारखा उतरतो, किती झाला ते उठताना कळतं. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी हात लावू नये. हंगाम मार्च ते मे एवढाच, आणि तो फार टिकतही नाही, तेव्हा एप्रिल तुम्ही बरोबर निवडलात.

ज्यांना दारू नको त्यांनी नीरो शोधावा. चेचलेल्या बोंडांच्या गोळ्यातून आपोआप ठिबकणारा रस तो. सकाळी गोड असतो, ऊन चढलं की आंबायला लागतो. म्हणून तो गावातच, भट्टीपाशीच मिळतो. नारळाची फेणीही आहे, मुख्यत्वे दक्षिण गोव्यात. काजू पोर्तुगीजांबरोबर आला, माड आधीपासून होताच. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माडाच्या फेणीला आमच्याकडची जुनी माणसं जास्त मान देतात.

बाटल्यांचं म्हणाल तर परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. तपासणी होते. तिथेच प्या, मोकळे या.

आणि सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला बसू नका. सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला येतो, त्याच्याकडून कोंड्यात घोळवलेले गरम पोयी (तिथले पाव) घ्या आणि जवळच्या छोट्या हॉटेलात पातळभाजीबरोबर खा. मग दुपारपर्यंत भूक नाही.

प्रश्न : बाहेरगावी पोट बिघडतं म्हणून मी फक्त बिस्किटं आणि केळी खातो. उपाय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : गरम वाफाळता भात, आमटी, समोर तव्यावर भाजलेली भाकरी याने सहसा काही होत नाही. सावजीच्या गावचे तुम्ही, मालवणी मसाल्याला काय घाबरता! गावातली माणसं ज्या वेळी जिथे जेवतात, तिथे त्याच वेळी जेवा. कापून ठेवलेली फळं आणि उघडा बर्फ टाळा. पहिल्या दिवशी बेताने खा.

प्रश्न : मालवणहून सोलकढीचं सामान आणायचं आहे. काय घेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आगळ घ्या. पिकलेल्या कोकमांचा मिठात सुटलेला रस, बाकी काही नाही. बाटलीवर साखर लिहिली असेल तर ते कोकम सरबत, त्याची कढी होत नाही. एप्रिल-मे कोकमांचा हंगाम, तेव्हा ताजं मिळतं. आमसुलं घेताना बोटाने वाकवून बघा, लवचिक हवीत.

कढी करताना नारळाचं दूध काढून त्यात आगळ थेंबाथेंबाने घाला आणि चाखत जा. आगळात मीठ असतंच, वरून लगेच घालू नका. लसूण, हिरवी मिरची ठेचून, वर कोथिंबीर. उकळायची नाही. रंग फिकट जांभळट गुलाबी आला की झालं. लग्नाच्या मांडवासारखा भडक गुलाबी दिसला तर त्यात रंग आहे असं समजा. दुपारी केली की दुपारीच संपवा, ठेवली की फाटते. आणि आगळाची बाटली प्रवासात कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका, तो डाग जाता जात नाही.