दीडशे अर्ज आणि एकच मुलाखत

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतचा दोन पानी बायोडेटा मिळाला. संख्याशास्त्राची पदवी घेऊन सात महिने झाले, या काळात नोकरीच्या पोर्टलवरून दीडशेच्या आसपास अर्ज केले, त्यांतून मुलाखतीचे बोलावणे एकदाच आले आणि त्या मुलाखतीनंतरही पुढे काही कळले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ‘सगळीकडे कपात चालू आहे, एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, या गर्दीत मी उठून कशी दिसणार?’ हा तुमचा मुख्य प्रश्न आहे. आणखी एखादा सर्टिफिकेट कोर्स करावा का, सात महिन्यांचा खंड आड येईल का आणि ‘मिळेल ती नोकरी धर’ हा वडिलांचा सल्ला मानावा का, हेही तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण बाकीच्यांची उत्तरे बरीचशी त्यातच आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. उत्तर न आलेला प्रत्येक अर्ज म्हणजे तुमच्या लायकीवर दिलेला निकाल, असे तुमच्या पत्रातून जाणवले आणि ते वाचून वाईट वाटले. मंदीच्या काळात निघालेल्या कित्येक जागा मध्येच गोठवल्या जातात, काही आतल्याच माणसांतून भरल्या जातात आणि जाहिरात मात्र पोर्टलवर तशीच राहते. तुमच्या दीडशे अर्जांपैकी बरेचसे कुणी उघडलेही नसतील. जे उघडले गेले, त्यांच्याविषयी मात्र आपल्याला काही करता येईल.

समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे भरतीचे काम केले. तेजीच्या दिवसांत दहा जागा भरायच्या असत आणि एखादी निवड चुकली तरी ती बाकीच्या नऊंत झाकली जात असे. मंदीत विभागप्रमुखाने वरिष्ठांशी भांडून कशीबशी एक जागा मंजूर करून घेतलेली असते, आणि त्या जागेवर घेतलेला माणूस तीन महिन्यांत सोडून गेला किंवा त्याला काम जमले नाही, तर ती जागा पुन्हा मिळेलच याची त्याला खात्री नसते. त्यामुळे त्याच्या मनात सर्वांत मोठी भीती असते ती चुकीचा माणूस घेतला जाण्याची. समोर दोनशे अर्ज असताना पहिले वाचन हे निवडण्यासाठी होत नाही, ते बाजूला काढण्यासाठी होते, आणि अर्ज बाजूला काढायला एक शंका पुरते. म्हणून उठून दिसण्याचा माझ्या लेखी अर्थ एवढाच आहे की वाचणाऱ्याच्या मनातली शंका इतरांच्या अर्जापेक्षा तुमच्या अर्जाने लवकर दूर व्हावी. रंगीत पट्ट्या, फोटो, कौशल्यांपुढे काढलेले तारे यांनी ती दूर होत नाही. शिवाय अनेक कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते आणि दोन रकान्यांची किंवा तक्त्यांची मांडणी त्याला पुष्कळदा नीट वाचता येत नाही. साधा, एका रकान्यातला बायोडेटा उत्तम.

आता तुमच्या बायोडेटाकडे येतो. पहिल्या पानावर सर्वांत वर ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे’ हे ध्येय आहे आणि त्याखाली ‘मेहनती, संघभावना असलेली, लवकर शिकणारी’ ही विशेषणे आहेत. हे सर्व खरे असेल, याबद्दल मला शंका नाही. पण हीच वाक्ये उरलेल्या एकशे नव्व्याण्णव अर्जांतही असतात आणि त्यांचा पडताळा घेण्याची सोय वाचणाऱ्याकडे नसते. त्यानंतर गुणपत्रिकेतील आकडे, विषयांची यादी, छंद असे करत मी दुसऱ्या पानाच्या तळाशी पोहोचलो, तेव्हा ‘इतर उपक्रम’ या मथळ्याखाली एक ओळ दिसली: ‘महाविद्यालयाच्या ग्रंथालयास नोंदींच्या कामात मदत केली.’ या मदतीत नेमके काय केले ते बायोडेटात कुठेच नाही. पत्रात मात्र तुम्ही ते बोलता बोलता सांगून गेला आहात. तीन वर्षांच्या देवघेवीच्या नोंदी निरनिराळ्या फाइलींत विखुरलेल्या होत्या, तुम्ही त्या एकत्र केल्या, दुबार नोंदी काढल्या, आणि ज्या पुस्तकांची एकच प्रत आहे तीच परीक्षेच्या आधी सर्वाधिक उशिरा परत येतात, हे तुमच्या ध्यानात आले. ते तुम्ही ग्रंथपालांना दाखवले आणि त्यांनी जादा प्रती मागवल्या.

ज्या कामासाठी तुम्ही दीडशे ठिकाणी अर्ज केले, ते काम हेच आहे. विस्कळीत माहिती हाती घेणे, ती स्वच्छ करणे, तिच्यातून काहीतरी शोधणे आणि ते दुसऱ्याला पटवून देऊन निर्णयापर्यंत नेणे, हे सगळे तुम्ही एकदा करून दाखवले आहे आणि ते दुसऱ्या पानाच्या तळाशी दडवून ठेवले आहे. ही ओळ वर आणा आणि अशी लिहा: ‘ग्रंथालयाच्या तीन वर्षांच्या विखुरलेल्या देवघेव-नोंदी एक्सेलमध्ये एकत्र करून दुबार नोंदी काढल्या, उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांपैकी बहुतेकांची एकच प्रत असल्याचे आढळले, त्या आधारे ग्रंथालयाने जादा प्रती मागवल्या.’ नोंदी किती होत्या, प्रती किती मागवल्या, हे आकडे तुमच्याकडे असतील तर तेही घाला. मात्र खरे तेवढेच लिहा. या एका ओळीवर मुलाखतीत दहा मिनिटे बोलायची वेळ येणार आहे आणि फुगवलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

या ओळीच्या जोडीला आणखी एक पुरावा तयार करा. उमेदवार निवडण्याच्या पद्धतींपैकी कोणती पद्धत पुढच्या कामगिरीचा अंदाज बरोबर देते, यावरच्या 85 वर्षांतल्या संशोधनाचा आढावा श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये घेतला होता. शिक्षणाच्या वर्षांवरून तसा अंदाज जवळजवळ बांधता येत नाही, प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेतला किंवा सर्वांना तेच प्रश्न विचारून आखीव मुलाखत घेतली तर तो पुष्कळ चांगला बांधता येतो, असे त्यात दिसले. पुढे २०२२ मध्ये झालेल्या फेरतपासणीत या अंदाजांच्या अचूकतेचे आकडे बरेच खाली आले, तरी आखीव मुलाखत वरच्या स्थानावरच राहिली. यातून तुमच्यापुरता अर्थ असा की कामाचा नमुना कुणी मागण्याची वाट पाहू नका. ज्या क्षेत्रात जायचे आहे त्या क्षेत्राची सर्वांसाठी खुली असलेली एखादी आकडेवारी घ्या, एकच प्रश्न ठरवा आणि दोन पानांचे टिपण तयार करा: प्रश्न काय होता, माहितीत काय दोष होते, काय आढळले आणि त्यावरून काय करता येईल. त्या टिपणाचा दुवा बायोडेटात द्या.

सर्टिफिकेट कोर्सच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच देऊन टाकतो. तुम्हाला हव्या असलेल्या जागांच्या वीस जाहिराती समोर ठेवा. निम्म्याहून अधिक जाहिरातींत एखादे साधन नावानिशी मागितले असेल आणि तुम्हाला ते येत नसेल, तर ते जरूर शिका आणि शिकून वरच्या टिपणात वापरा. केवळ यादीत एक नाव वाढावे म्हणून पैसे भरू नका.

अर्जांची संख्या मात्र कमी करा. एका संध्याकाळी तोच बायोडेटा पंधरा ठिकाणी पाठवण्याऐवजी आठवड्याला तीन-चार अर्ज करा आणि प्रत्येकाआधी जाहिरात दोनदा वाचा. सोबतचे पत्र पाच-सहा वाक्यांचे पुरे, पण त्याचे पहिले वाक्य त्यांच्या गरजेपासून सुरू व्हावे. ‘मी आपल्या संस्थेत अर्ज करू इच्छिते’ हे त्यांना ठाऊकच असते. ‘निरनिराळ्या शाखांकडून येणाऱ्या अहवालांचा मेळ घालणे हे या पदाचे मुख्य काम असल्याचे आपल्या जाहिरातीत म्हटले आहे, अशाच विखुरलेल्या नोंदींचा मेळ मी ग्रंथालयासाठी घातला होता’ असे लिहिले की वाचणारा थांबतो. अनेक अर्ज वाचून डोळे शिणलेले असतात, तेव्हा आपली जाहिरात कुणीतरी नीट वाचली आहे हे लगेच जाणवते. हे मी खुर्चीच्या त्या बाजूला बसून अनुभवले आहे.

यानंतर तुम्ही अवघडून लिहिलेली गोष्ट. ‘ओळखीतून प्रयत्न करणे म्हणजे वशिला लावणे, ते मला पटत नाही’, हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण त्यामागचा स्वाभिमान मला आवडला. पण या दोन गोष्टी एक नाहीत. वशिला म्हणजे कसोटी चुकवून आत शिरणे. ओळख म्हणजे कसोटी कुठे आणि कधी होणार आहे ते कळणे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना ‘त्या व्यक्तीशी तुमची भेट किती वेळा होत असे?’ असे विचारले होते. वारंवार भेट होत होती असे सांगणारे १६.७ टक्के होते, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. याचे कारण समजायला सोपे आहे. जिवलग मैत्रिणींना जे माहीत असते ते बहुधा तुम्हालाही माहीत असते. दूरची ओळख वेगळ्या वर्तुळात वावरते, म्हणून तिच्याकडे वेगळी बातमी असते. अलीकडे लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही अगदी जवळच्या ओळखींपेक्षा माफक दूरच्या ओळखी नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी ठरल्याचे दिसले.

तेव्हा अशा दहा-बारा जणांची नावे कागदावर लिहा: दोन वर्षे पुढे असलेले विद्यार्थी, प्रकल्पाला मार्गदर्शन केलेले प्राध्यापक, एखाद्या कार्यशाळेत भेटलेली व्यक्ती, आणि अर्थात तुमचे ग्रंथपाल, कारण तुमचे काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस तोच आहे. ‘तुमच्याकडे जागा आहे का?’ असे विचारू नका. त्याला ‘नाही’ एवढेच उत्तर असते आणि संभाषण तिथेच संपते. ‘तुमच्या विभागात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत कोणते काम करावे लागते?’ असे विचारा. पंधरा मिनिटे बोलायला बहुतेक लोक तयार होतात, आणि त्या पंधरा मिनिटांत कळलेली माहिती पुढच्या अर्जाच्या पहिल्या वाक्यात वापरता येते.

ज्या मुलाखतीनंतर काही कळले नाही, तिथे तुम्ही पुन्हा विचारलेच नाही, असे दिसते. आजच चार ओळींचे विनम्र पत्र पाठवा. निवडलेला उमेदवार ऐनवेळी रुजू होत नाही किंवा लवकर सोडतो, असे मी अनेकदा पाहिले आहे, आणि अशा वेळी आधी भेटलेल्या माणसाचे नाव पटकन आठवते. दोन आठवड्यांनी आणखी एकदा विचारा, नंतर मात्र सोडून द्या.

खंडाविषयी खरे ते सांगतो. अमेरिकेतील शंभर शहरांत सुमारे १२,००० बनावट अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारीचे महिने वाढतात तशी बोलावणी कमी होतात आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते, असे त्यात आढळले. मात्र जिथे रोजगाराची स्थितीच बिकट होती, तिथे खंडाचा परिणाम कमी दिसला. वेळच वाईट असली की मालकही उमेदवाराला त्याचा फारसा दोष देत नाही. म्हणून तारखा लपवू नका आणि वरचे टिपण लांबणीवर टाकू नका. ते झाले की या महिन्यांसमोर लिहायला काहीतरी असेल.

राहिला वडिलांचा सल्ला. त्यांची काळजी रास्त आहे. मंदीत पदवी घेतलेल्यांवर कॅनडात झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा तरुणांचे उत्पन्न सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहिले आणि ही तूट भरून यायला दहाएक वर्षे लागली. ज्यांची ती भरून आली, त्यांनी पहिल्या काही वर्षांत अधिक चांगल्या कंपनीत जाऊन ती भरून काढली. म्हणजे पहिली नोकरी मनासारखी नसली तरी चालते, तिथून पुढे सरकता येणे महत्त्वाचे. कोणताही प्रस्ताव आला की स्वतःला एक प्रश्न विचारा: वर्षभर इथे काम केल्यावर ग्रंथालयाच्या ओळीसारखी एक तरी नवी ओळ मला लिहिता येईल का? येत असेल तर पगार थोडा कमी असला, पदाचे नाव साधे असले, तरी नोकरी घ्या. ती ओळही मिळणार नसेल आणि दुसरीकडे प्रयत्न करायला वेळही उरणार नसेल, तर घरची आर्थिक निकड नसताना ती स्वीकारू नका, आणि ही कारणे वडिलांना शांतपणे सांगा. रुजू होण्याआधी नोंदणी किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. कठीण काळात अशा फसवणुकीला चांगली शिकलेली मुलेही बळी पडतात.

बायोडेटाचे पहिले पान नव्याने लिहून मला पाठवा. त्याआधी एकदा ग्रंथपालांना भेटून नोंदींचा नेमका आकडा विचारून घ्या, आणि त्या कामाविषयी कुणी चौकशी केली तर ते दोन शब्द सांगतील का, हेही त्याच भेटीत विचारा.

आपला,
करिअर समुपदेशक