दार लटकलं म्हणून गाडी विकायची का?

नमस्कार काकू,

तुमचं पत्र थोडक्यात असं: २००९ ची मारुती ८००, पुढची दोन्ही दारं लटकलेली, उचलून धरल्याशिवाय लागत नाहीत. लेथवाला बिजागऱ्यांच्या पिना आणि पितळी बुश (पिनेभोवतीच्या छोट्या नळ्या) नवे करून बसवायचे ३,८०० सांगतो. डेंटर म्हणतो, जुन्या बाजारातून दारंच आणू, रंगासकट २२,००० होतील. मुलाचं मत, ४५ हजार येतायत तोवर विका आणि पाच लाखांचं कर्ज काढून नवी घ्या. पेन्शन ३१,०००. वापर म्हणाल तर काकांना महिन्यातून चार-पाचदा फिजिओथेरपीला न्यायचं, एवढाच.

'पंचेचाळीस हजारांच्या गाडीवर खर्च कशाला?' हे मुलाचं बोलणं बिनतोड वाटतं. पण बाजारभाव बघायचा तो विकताना. तुम्हाला गाडी वापरायची आहे, तेव्हा या पैशांत ती आणखी किती दिवस बिनघोर चालेल ते बघा. १५ वर्षं झाल्यावर तुम्ही ५,००० भरून नोंदणी वाढवून घेतलीत, ती २०२९ पर्यंत आहे. पुढच्या खेपेला गाडी विशीची होईल. त्या वयाच्या गाड्यांचं शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० झालंय, वर पर्यावरण कर. म्हणजे विकायचा विचार करायला २०२९ हा आपसूक आलेला टप्पा आहे. तोवरच्या साधारण तीन वर्षांवर ३,८०० पसरले तर महिन्याला शंभराच्या आसपास पडतात.

उलट पाच लाख, ९ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता जवळपास १०,३८०. पेन्शनचा तिसरा हिस्सा गेला, आणि नुसतं व्याजच सव्वा लाखाच्या घरात. चार-पाच फेऱ्यांसाठी! (खरं सांगायचं तर नुसत्या पैशांच्या हिशेबात रिक्षाच स्वस्त पडेल. पण काकांचे गुडघे बघता गाडी दारात असणं मी चैनीत धरत नाही.)

डेंटरचा पर्याय मला मुळीच पटला नाही. जुन्या दारांबरोबर बिजागऱ्या आल्या तरी त्याही वापरलेल्याच, आणि नाही आल्या तर तुमच्याच झिजलेल्या पिनांवर दुसरी दारं लटकणार.

मात्र लेथवाल्याला होकार देण्याआधी एक तपासणी कराच. दार अर्धं उघडा, खालच्या कडेला हात घालून हलकेच वर उचला. बिजागरीच्या सांध्यातच खटखट जाणवली तर पिन-बुश गेलेत, काम ३,८०० चंच. पण बिजागरी जिथे दाराच्या चौकटीच्या पुढच्या खांबाला बसते तिथला पत्राच हलला, किंवा तिथे गंजाचे फुगे दिसले, तर नव्या पिना घालून काही उपयोग नाही. पत्राकामाचा वेगळा अंदाज घ्या. तो १२-१५ हजारांपुढे गेला तर मी मुलाच्या बाजूने: गाडी विका. फक्त ते कर्ज नको.

तुम्ही दोनदा तीनशे-तीनशे देऊन मागच्या खांबावरची, दार जिच्यात अडकतं ती लॉकची कडी खाली सरकवून घेतलीत. दार खाली आलं म्हणून कडी खाली नेली, त्यामुळे ते लागायला लागलं, पण झीज चालूच राहिली. आता पिना बदलल्यावर दार वर येईल, तेव्हा कडी मूळ जागी नेणं आणि दार चौकटीला जुळवणं ३,८०० मध्येच धरलंय का, हे आधी विचारून ठेवा. काम पावसाळ्यापूर्वी उरका. फटीतून पाणी आत गेलं की खालचा पत्रा सडतो, आणि तो खर्च तीन-चार हजारांत थांबत नाही.

विम्याचं विचारलंत. झीज विम्यात बसत नाही, दावा करू नका. एफडीलाही हात लावू नका, एवढी रक्कम चालू महिन्याच्या पेन्शनमधून निघेल.

आणि काका उतरताना उघड्या दारावर भार टाकून उठतात, असं तुम्हीच लिहिलंय. डाव्या बाजूची पिन बहुधा त्यानेच खाल्लीय. त्यांना दाराऐवजी चौकटीला धरून उठायला सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा लेथवाल्याकडे जाल.