यूएस रेसिडेन्सीची रिजेक्शन्स पहिल्या दोन आठवड्यांतच यायला लागली, इंटरव्ह्यू एकही नाही. यातून कसं सावरायचं?

तुम्ही लिहिलंय की इरास (अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या पीजी ट्रेनिंगच्या अर्जांचं पोर्टल) उघडून दोन आठवडे झाले नाहीत तोवर नकाराच्या मेल सुरू झाल्या, ग्रुपवर बाकीचे आयव्हीचे, म्हणजे इंटरव्ह्यूच्या बोलावण्यांचे, स्क्रीनशॉट टाकतायत, रात्री झोप लागत नाही, आणि एक सीनियर म्हणतोय की पीएसमध्येच (पर्सनल स्टेटमेंट, अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं लिखाण) गडबड आहे, अख्खं नव्याने लिहून घे. सावरायचं कसं ते सांगते, पण खरं सांगायचं तर मी त्या सीनियरच्या वाक्यामुळे लिहायला बसलेय. पीएसला हात लावू नका.

सप्टेंबरच्या शेवटी प्रोग्रॅम्सना अर्ज दिसायला लागतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नकार येतो, तर मधल्या एवढ्याशा दिवसांत तिकडे काय झालं असेल? साध्या कम्युनिटी हॉस्पिटलच्या इंटरनल मेडिसिनलासुद्धा हजारोंनी अर्ज येतात, वाचणारी फॅकल्टी मोजकी, तीही वॉर्ड आणि क्लिनिक सांभाळून. रेसिडेन्सीत असताना आमच्या कोऑर्डिनेटर बाईंनी मला एकदा त्यांच्या बाजूने ते कसं दिसतं ते दाखवलं होतं. पासआउटचं वर्ष, स्टेप टूचा (तिथल्या लायसन्सच्या परीक्षेचा दुसरा टप्पा) स्कोअर, कुठे नापास झाल्याचा अटेम्प्ट आहे का, व्हिसा लागणार का, एवढ्यावर टिक मारली की यादी झपकन खाली येते, आणि बाहेर पडलेल्यांना एक ठरलेली मेल जाते, बस्स. पीएस उघडलेलं नसतं, एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, उघडलेलं नसतं, तुमचं नाव नीट उच्चारायचा प्रयत्नसुद्धा कुणी केलेला नसतो. त्या मेलवरून पीएस बदलायला घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि ही मेल पाठवणारे प्रोग्रॅम त्यातल्या त्यात सभ्य म्हणायचे. बरेचसे मार्चपर्यंत एक अक्षर कळवत नाहीत, तुम्ही आपले रोज पोर्टल उघडून बघत बसता. मला विचाराल तर ऑक्टोबरचा स्पष्ट नकार त्या मुकेपणापेक्षा शंभर पटीने बरा.

उगीच धीर द्यायला मी आले नाहीये, आकडा डोळ्यासमोर ठेवाच. २०२५च्या मॅचमध्ये (उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा देतात ती प्रक्रिया) अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आयएमजींपैकी, म्हणजे बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांपैकी, ५८ टक्के मॅच झाले, तिथल्याच कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या एमडी सीनियर्सचा आकडा ९३ टक्क्यांच्या वर. म्हणजे आपल्यासारख्या पाचातले दोन जण दरवर्षी राहतात, आणि ते काही ढ असतात म्हणून नाही.

आता माझं सांगते. मी मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजची एमबीबीएस. इंटर्नशिप संपली तेव्हा दुसरी लाट होती, बॉण्डची, म्हणजे सरकारी कॉलेजनंतरच्या सक्तीच्या सेवेची, ऑर्डर आली आणि मी एका आडगावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झाले. तेव्हापासून आमच्या घरात एक भांडण सुरू आहे ते आजतागायत. माझे मामा लातूरला बालरोगतज्ज्ञ आहेत, प्रॅक्टिस उत्तम, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं म्हणणं, दहा लाख दंड भरून टाका आणि पोरीला बॉण्डमधून मोकळी करा, अमेरिकेला जायचंय ना मग वर्ष कशाला वाया घालवायचं. बाबांचं मेडिकल स्टोअर आहे, दहा लाख म्हणजे आमच्यासाठी गंमत नाही, पण मामांच्या बोलण्यावर ते पैसे उभे करायलाही तयार झाले होते. मी नाही म्हणाले. पैशांचा विचार होताच, पण मला ते काम करायचं होतं. लाटेत लोक ऑक्सिजनसाठी तालुक्याला पळत होते ते मी पाहिलं होतं, पीएचसीत डॉक्टर नसला की काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

२०२१ला अर्ज उघडले ते सप्टेंबरच्या शेवटीच, आणि ऑक्टोबरमध्ये माझाही फोन वाजायला लागला. तिकडचा दिवस म्हणजे इकडची रात्र, त्यामुळे नकार यायचे ते रात्रीच. एक रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. सोयाबीनची काढणी चालली होती, आणि काढणी म्हणजे आमच्याकडे सर्पदंशाचे दिवस. एका बाईला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं, दीर म्हणतोय मॅडम पान लागलंय, नवऱ्याने मारलेला साप पिशवीत घालून आणलेला, घोणस होती. पाय घोट्यापर्यंत टरटरून सुजलेला. आमच्याकडे लॅब नाही, अशा वेळी जे करतात तेच केलं, काचेच्या कोरड्या नव्या टेस्ट ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेतलं आणि वीस मिनिटं ठेवून दिलं. ट्यूब काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही, धुतलेली तर नाहीच नाही, आणि मधे हलवायची नाही. लेबर रूमच्या खिडकीत ती ट्यूब उभी, सिस्टर एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, व्हायल मोजून काढतायत, आणि त्या वीस मिनिटांत माझ्या एप्रनच्या खिशात फोन दोनदा वाजला. दोन्ही नकार. एक तर अशा प्रोग्रॅमचा होता ज्याच्यावर माझी सगळ्यात जास्त आशा होती. वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहत खाली आलं, गुठळीचं नाव नाही, म्हणजे विषाने रक्त गोठणं थांबलेलं. दहा व्हायल लावल्या, शेजारी अ‍ॅड्रेनालीन भरून ठेवलं, १०८ला फोन केला पण गाडी दुसऱ्या केसवर, त्यामुळे मी तिथेच बसून. सहा तासांनी परत ट्यूब लावली तेव्हा गुठळी धरली होती. सकाळी गाडी आली, तिला लातूरला रेफर केलं आणि मग मी त्या दोन मेल नीट वाचल्या. त्या रात्री मी रडले नाही. तुम्ही सावरायचं कसं विचारताय तर माझं खरं उत्तर हेच आहे, माझ्या हातात तेव्हा काम होतं. तुम्ही सध्या घरी बसून फक्त मेल रिफ्रेश करत असाल तर कुठल्यातरी दवाखान्यात ड्युटी धरा, पगार कमी का असेना. दिवसभर पेशंट पाहिलेल्या माणसाला रात्रीचा नकार झेपतो.

दिवाळीत मामांकडे गेलो तर मामांनी सगळ्यांसमोर विषय काढला. त्यांच्या ओळखीतून पुण्याचा एक कन्सल्टंट सापडला होता, हजारो रुपये घेऊन पीएस नव्याने लिहून देणारा. त्याने माझं पीएस वाचून सांगितलेलं की पीएचसीचा सगळा भाग काढा, ते ‘गॅप’ दिसतं, त्या जागी रिसर्च टाका, आणि सर्पदंशबिंपदंश नको, अमेरिकेत त्याचं काय काम. मामा म्हणाले, तू हे गावठी लिहितेस म्हणून तुला नाकारतायत. मी म्हटलं मामा, अजून कुणी वाचलेलंच नाहीये. नाही पटलं त्यांना. आई मधे पडली म्हणून फराळ तरी झाला. मी पीएसमधला एक शब्द बदलला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिला आयव्ही आला, पेनसिल्व्हेनियातल्या एका कम्युनिटी प्रोग्रॅमचा. इंटरव्ह्यू संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ. पीएचसीच्या क्वार्टरमध्ये इन्व्हर्टरवर राउटर लावून बसले होते. पीडींनी, म्हणजे प्रोग्रॅम डायरेक्टरांनी, पहिलाच प्रश्न विचारला तो काचेच्या ट्यूबचा. ते पीएसमध्ये होतं. काचच का, वीसच मिनिटं का, चुकीचा रिझल्ट कधी येतो, गुठळी झाली नाही तर पुढे काय, आणि रात्री एकटी असताना अ‍ॅनाफायलॅक्सिस, म्हणजे औषधाचीच जीवघेणी उलट प्रतिक्रिया, झाला असता तर काय केलं असतं. वीस मिनिटांतली पंधरा यातच गेली. मी तिथे मॅच झाले नाही, दुसरीकडे झाले, आणि जिथे झाले तिथे पीएचसीबद्दल जेमतेम एक प्रश्न आला, हे पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सर्पदंशावर सीट मिळाली. पण मला स्वतःबद्दल जे काही सांगण्यासारखं होतं ते त्या कन्सल्टंटच्या हाताने पुसलं गेलं असतं तर त्या पंधरा मिनिटांत मी काय बोलले असते? दुसऱ्याने लिहून दिलेला रिसर्च?

मामा अजूनही म्हणतात ते नशीब होतं. मला हे पटत नाही, आणि इथे सगळ्यांसमोर लिहिते. पीएचसी म्हणजे वाया गेलेलं वर्ष हे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तिथे काय काय घडू शकतं हे त्यांना दिसतच नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम सुरू केलं ते महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत, ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि २०२२ला त्यांना पद्मश्री मिळाली. आणि अमेरिकेचं म्हणाल तर जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरला ती संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, ते टाळायचं असेल तर वेव्हर, म्हणजे सूट, घेऊन जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं नोकरी करायची. कॉनराड ३० म्हणतात ते हेच, प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. मी सध्या तीच नोकरी करतेय, जवळचं मोठं हॉस्पिटल दीड तासावर, रात्री हॉस्पिटलिस्ट (भरती पेशंट बघणारी डॉक्टर) मी एकटी. मामा ज्याला वाया घालवणं म्हणत होते त्या कामासाठी हा देश स्वतःचे व्हिसाचे नियम वाकवतो.

बरं, तुमच्याकडे येते. नकार आलेल्या प्रोग्रॅम्सची यादी काढा आणि प्रत्येकापुढे ते कुठला व्हिसा देतात आणि पासआउटच्या वर्षाची अट काय आहे ते लिहा, फ्रिडावर (सगळ्या प्रोग्रॅम्सची माहिती असलेली साइट) आणि त्यांच्या साइटवर असतं. माझी खात्री आहे की निम्म्याहून जास्त ठिकाणी कारण तिथेच सापडेल. मग उरलेल्या यादीलाही तीच चाळणी लावा. नवीन प्रोग्रॅम जोडायचे तर जोडा, पण घाबरून रात्री एक वाजता पन्नास जोडू नका. २०२५च्या सीझनला पहिल्या ३० प्रोग्रॅमना ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर असा दर होता, म्हणजे शंभर प्रोग्रॅमचेच २,४३० डॉलर, कुणाच्या तरी बाबांचे. लेटर ऑफ इंटरेस्ट पाठवायचं तर जिथे सिग्नल (अर्जातच दिलेली खास पसंतीची खूण) दिलाय तिथे, किंवा जिथे खरंच काही नातं आहे तिथे. इंटरनल मेडिसिनला १५ सिग्नल असतात, ३ गोल्ड आणि १२ सिल्व्हर, त्यातल्या गोल्डपासून सुरुवात करा. सगळ्या कोऑर्डिनेटरना एकच मेल ढकलण्यात काही अर्थ नाही, ती कुणी वाचत नाही.

ग्रुप म्यूट करा. सोडू नका, कामाची माहिती येते, पण स्क्रीनशॉट बघत बसू नका, तिथे नकाराचे स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही. डिसेंबर-जानेवारीत ज्यांच्याकडे जास्त आयव्ही असतात ते कॅन्सल करायला लागतात आणि वेटलिस्ट हलते, तेव्हा मेल आली तर काही मिनिटांत स्लॉट धरायचा असतो, फोनचं नोटिफिकेशन चालू ठेवा. आणि रँक लिस्ट, म्हणजे तुमच्या पसंतीची यादी, भरली की पुढे मॅचच्या अल्गोरिदमकडे फक्त तुमची यादी आणि प्रोग्रॅम्सच्या याद्या जातात, ऑक्टोबरमध्ये तुम्हाला किती जणांनी नाकारलं हे त्याला कळतही नाही.

काही गोष्टी राहिल्या, त्या आत्ता सांगते. माझ्या वेळी स्टेप वनला स्कोअर होता, आता २०२२पासून पास-फेल आहे, त्यामुळे चाळणीचा सगळा भार स्टेप टूवर आलाय, तो कमी असेल तर माझ्या सगळ्या बोलण्यातून थोडं वजा करा. पासआउट होऊन बरीच वर्षं झाली असतील तर चित्र वेगळं असतं. सर्जरीचं मला काही माहीत नाही, मी मेडिसिनचीच. २०२५च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) एक लाख डॉलर फीची घोषणा झाली, त्यामुळे एच-१बी देणारे प्रोग्रॅम आता काय करतायत ते प्रत्येकाला स्वतंत्र विचारून घ्या, जुन्या याद्यांवर विसंबू नका. आणि रात्रीची झोप उडणं आठवड्यांवर गेलं असेल, जेवण जात नसेल, तर कुणा सायकिअ‍ॅट्रिस्टला भेटा, आपण डॉक्टर आहोत म्हणून अंगावर काढायचं नसतं. नोव्हेंबर संपेपर्यंत एकही आयव्ही नसेल तर इकडच्या नीट-पीजी परीक्षेचा अभ्यास सोबत सुरू करा, आणि सोपची (मॅच न झालेल्यांसाठी उरलेल्या जागांची फेरी) तयारी जानेवारीतच करून ठेवा, तिथे ४५च अर्ज करता येतात आणि आपणहून प्रोग्रॅमला फोन करायची परवानगी नसते.

स्टेप थ्री झाली की नाही आणि पासआउट कोणत्या वर्षाचे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि व्हिसाचा रकाना भरलेली यादी खाली टाका, मी रविवारी नाइट संपल्यावर बघते.